पहिली स्कूटर आणि आधी ब्रेक शिकवणाऱ्या मॅडम

पक्कं लायसन्स मागच्या आठवड्यात पोस्टाने घरी आलं, मी लगेच फोटो काढून स्टेटसला टाकला आणि तेव्हापासून ओळखीतल्या बायकांचे मेसेज थांबत नाहीयेत. कुठे शिकलीस, भीती नाही वाटली का, सायकल येत नसेल तर जमेल का, गाडी कोणती घेतलीस. प्रत्येकीला वेगळं टाईप करत बसण्यापेक्षा म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढूया, म्हणजे जिला हवं तिला लिंक पाठवता येईल. पोस्ट मोठी होणार आहे, आधीच सांगते.

तर मी नाशिकची, राहायला पाथर्डी फाट्याला, ऑफिस कॅनडा कॉर्नरला, चाळिशी जवळ आलेली आणि एक साडेतीन वर्षांचा मुलगा. इतकी वर्षं सिटीलिंकची बस, शेअर रिक्षा नाहीतर नवऱ्याच्या गाडीवर मागे. त्याची कंपनी अंबडला, म्हणजे माझ्या बरोबर उलट्या दिशेला, त्यामुळे तो सोडणार म्हणजे त्याला उशीर, नाही सोडणार तर मला उशीर. मुलगा बालवाडीत जायला लागल्यावर तर सकाळचं गणित जुळेचना. आमच्या घरात गाडी चालवणाऱ्या बायका नाहीत असं पण नाही हां, माझी मावशी नगरला लुना चालवायची, आणि लुना तर नगरचीच, फिरोदियांच्या कायनेटिकने 1972 मध्ये आणलेली. पन्नास सीसीचा छोटासा जीव, चढ आला की पायडल मारायचं, पण मावशी त्यावरून शाळेत शिकवायला जायची, भाजी आणायची, आम्हा पोरांना पुढेमागे बसवायची. ती नेहमी म्हणायची की पगार हातात आला तेव्हा जेवढं मोकळं वाटलं नव्हतं तेवढं लुना आली तेव्हा वाटलं. माझ्यापर्यंत ते यायला जरा वेळ लागला एवढंच.

गाडी घ्यायची ठरली गणपतीत. तेवढ्यात बातमी आली की दुचाकींचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर येतोय, 22 सप्टेंबर 2025 पासून, 350 सीसीपर्यंतच्या सगळ्या गाड्यांना. दसरा 2 ऑक्टोबरला होता, मग काय, थांबलोच. शोरूममध्ये तेव्हा जी गर्दी होती ती विचारू नका.

गाडी बघायला जाल तेव्हा एक गोष्ट नक्की करा, ती म्हणजे रंग, मोबाईल चार्जर, डिजिटल मीटर हे सगळं नंतर, आधी गाडीवर बसा आणि पाय टेकतात का बघा. माझी उंची पाच फूट एक इंच. काही गाड्यांवर माझे फक्त अंगठे टेकत होते, आणि सिग्नलला उभं राहताना, उतारावर, खड्ड्याशेजारी नुसत्या अंगठ्यावर शंभर किलोच्या वर वजनाची गाडी पेलायची म्हणजे नवशिक्या माणसाला अवघडच. शेवटी अ‍ॅक्टिव्हा घेतली 110 वाली, सीट साधारण 76 सेंटीमीटरवर, दोन्ही पायांचे चवडे छान बसतात. नुसतं बसू पण नका, सेल्समनला म्हणा मला डबल स्टँडवर लावून बघायचीये आणि हाताने ढकलून वळवून बघायचीये. तो जरा बघेल तुमच्याकडे, बघू दे. रोज पार्किंगमधून ती गाडी तुम्हालाच काढायचीये.

ऑन रोड किंमत ऐकून दचकू नका, त्यात रोड टॅक्स असतो आणि पाच वर्षांचा थर्ड पार्टी इन्शुरन्स असतो, हा नवीन दुचाकीला 2018 पासून सक्तीचाच आहे. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बहुतेक वेळा एकच वर्षाचा असतो, तो दर वर्षी आठवणीने रिन्यू करायचा. हे मला शोरूमवाल्याने नाही, माझ्या भाच्याने सांगितलं.

दसऱ्याला गाडी घरी आली. सासूबाईंनी हळदकुंकू, हेडलाईटवर स्वस्तिक, हँडलला झेंडूचा हार आणि आपट्याची पानं, पुढच्या चाकाखाली लिंबू, सगळं साग्रसंगीत केलं. गाडी शोरूममधून अर्थातच नवरा चालवत घेऊन आला आणि मग पुढचे काही आठवडे ती पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. कारण मी आधीच ठरवलं होतं की नवऱ्याकडून शिकायचं नाही. त्याचा राग नाही काही, चांगला चालवतो तो, पण वीस वर्षं चालवणाऱ्याला आपण काय काय करतो हेच आठवत नाही, तो म्हणणार "अगं सोप्पं आहे, रेस दे की जाते". आणि गिअरलेस गाडीचं नेमकं तेच आहे, की रेस दिली की जाते! गिअर नाही, क्लच दाबायचा नाही, दुसऱ्या मिनिटाला माणूस पुढे गेलेला असतो. थांबायचं कसं हे कोणी शिकवलेलंच नसतं. माझ्या ओळखीतल्या ज्या ज्या बायकांनी एकदा पडून गाडी कायमची सोडली ना, त्या सगळ्या अशाच शिकल्या होत्या, कुणीतरी मागे बसलेलं, "दे रेस दे रेस" आणि समोर भिंत.

लर्निंगचं काम घरूनच झालं. परिवहन खात्याच्या सारथी साईटवर आधार टाकून फॉर्म भरायचा आणि परीक्षा पण घरूनच द्यायची, 2021 पासून महाराष्ट्रात ही सोय आहे. प्रश्न सोपे वाटतात पण चिन्हं नीट पाठ करा, नो पार्किंग आणि नो स्टॉपिंग यात हमखास गडबड होते. लर्निंग सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्याची टेस्ट देता येते. लर्निंगवर असताना पुढे मागे लाल एल लावायचा आणि शिकवणाऱ्याशिवाय मागे कोणालाही बसवायचं नाही, अगदी "चल गं कोपऱ्यापर्यंत" म्हणणाऱ्या मैत्रिणीला सुद्धा नाही.

आता क्लास. इंदिरानगरच्या बाजूला एका मैदानावर एक मॅडम फक्त बायकांची बॅच घेतात, सकाळी साडेसहाला. कॉलेजच्या मुली, दोन नर्सबाई, एक साठीच्या काकू, मी. पहिल्या दिवशी मॅडमनी काय करावं, तर सगळ्यांच्या किल्ल्या काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकल्या. म्हणाल्या, "आज गाडी चालू होणार नाही. आज गाडीची ओळख." आणि पूर्ण सकाळ आम्ही बंद गाडी ढकलली. डाव्या बाजूला उभं राहून, दोन्ही हात हँडलवर, गाडी किंचित आपल्या कमरेला टेकलेली, चार पावलं चालायचं आणि ब्रेक. पुन्हा चार पावलं, ब्रेक. मग आठ आकड्यात ढकलत फिरवायची. मग डबल स्टँड, आणि इथे मला खरंच जादू वाटली, मी आयुष्यभर समजत होते की ते ताकदीचं काम आहे. ताकद लागतच नाही! स्टँडचे दोन्ही पाय आधी जमिनीला एकदम टेकवायचे, टेकलेत हे पायाला कळतं, डावा हात हँडलवर, उजवा सीटमागच्या दांडीवर, म्हणजे ग्रॅबरेलवर, आणि मग गाडी उचलायची नाही, फक्त स्वतःचं सगळं वजन स्टँडच्या त्या दांडीवर द्यायचं, सरळ उभं राहिल्यासारखं. गाडी आपोआप मागे सरकून वर बसते. साठीच्या काकूंनी दुसऱ्या प्रयत्नात लावली आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

किल्ली मिळाली तेव्हा सुद्धा आधी ब्रेकच. उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा. डाव्या हाताचा मागच्या चाकाचा, पण आताच्या गाड्यांना सीबीएस असतं, म्हणजे डावा दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढच्याला पण थोडा ब्रेक लागतो, 125 सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल 2019 पासून ते, नाहीतर एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, असावंच लागतं. बऱ्याच बायका पुढचा ब्रेक कधी दाबतच नाहीत कारण कोणीतरी सांगितलेलं असतं की पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील. मॅडमनी ते डोक्यातून काढलं. ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे जातं, त्यामुळे थांबवण्याची जास्त ताकद पुढच्याच चाकात असते, पडतो तो एकदम कचकन दाबल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना किंवा वाळूत दाबल्यामुळे. लिंबू पिळतो तसा दाबायचा, हळूहळू जोर वाढवत, दोन्ही एकत्र, हँडल सरळ, नजर समोर. नजर खाली चाकाकडे गेली की गाडी डगमगलीच म्हणून समजा.

मग उजव्या हाताची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. अ‍ॅक्सिलरेटर उजव्या हातात आणि पुढचा ब्रेक पण उजव्याच हातात. माणूस घाबरला की काय करतो, मूठ घट्ट आवळतो आणि अंग मागे जातं, अंगाबरोबर हात मागे येतो आणि रेस आणखी पिळली जाते. म्हणजे जिथे थांबायचंय तिथेच गाडी उसळी मारते, त्या भिंतीवाल्या गोष्टी सगळ्या यातूनच होतात. यावर मॅडमचा उपाय म्हणजे मनगट सरळ ठेवायचं, खाली पाडायचं नाही, कोपर जरा वाकलेलं, आणि त्या शिट्टी वाजवतील तेव्हा आधी रेस सोडायची, मगच ब्रेक. रेस सोड, ब्रेक, पाय. रेस सोड, ब्रेक, पाय. चालवता चालवता कधीही शिट्टी, गप्पा मारताना शिट्टी, आठ काढताना शिट्टी. रात्री झोपताना पण माझा उजवा हात आपोआप उघडत होता, इतकं ते भिनलं. त्याचाच एक भाऊबंद नियम म्हणजे गाडीवरून उतरलं की किल्ली बंद. चालू गाडी हाताने ढकलायची नाही, कारण हात रेसवरच असतो आणि एक झटका बसला की गाडी तुम्हाला ओढत नेते. शटर उघडायला किंवा गेट उघडायला उतरतात आणि नेमकं तिथेच होतं हे.

हळू चालवणं हे जोरात चालवण्यापेक्षा अवघड आहे हे पण तिथेच कळलं. या गाड्यांमध्ये क्लच आपोआप लागतो, इंजिनचा वेग वाढला की पकडतो आणि रेस पूर्ण सोडली की सुटतो, मग गाडी नुसती घरंगळते आणि डुलायला लागते. म्हणून गर्दीत अगदी हळू जायचं असेल तर रेस एकसारखी थोडीशी धरून ठेवायची आणि डावा ब्रेक हलका लावून वेग सांभाळायचा. आणि पाय आत! सुरुवातीला सगळ्यांचेच पाय बदकासारखे बाहेर लटकतात, मॅडम मागून ओरडायच्या "पाय घरात घ्या ताई", कारण पाय बाहेर असले की तोल पायांवर सोपवला जातो, कमरेवर येतच नाही. हे जमलं त्या दिवशी आठचा आकडा आपोआप निघाला. जिथे जायचंय तिकडे मान वळवायची, गाडी नजरेच्या मागे येते.

सायकल न येणाऱ्यांसाठी, होय, जमतं. आमच्यातल्या एका नर्सबाईंना सायकल येत नव्हती, त्यांना मॅडमनी आधी मैदानाच्या हलक्या उतारावर बंद गाडीवर बसवून घरंगळायला लावलं, पाय जमिनीपासून दोन बोटं वर, तोल गेला की टेकायचे. त्यांना थोडे जास्त दिवस लागले एवढंच.

रस्त्यावर आम्ही रविवारी सकाळी उतरलो, मॅडम पुढे, आम्ही एका मागे एक. आधी कॉलनीतले रस्ते, मग इंदिरानगरचा बोगदा. नाशिककरांना बोगदा म्हटलं की सांगायला नको, हायवेच्या खालून गोविंदनगरकडे जायचं आणि चारी बाजूंनी सगळे एकाच वेळी घुसलेले. तिथे मला मॅडमनी शिकवलेलं एक वाक्य रोज उपयोगी पडतं, "आरशात बघा, इंडिकेटर द्या, पुन्हा मान वळवून बघा, मगच वळा". आरशात सगळं दिसत नाही, उजव्या खांद्यामागून येणारी बुलेट तर नाहीच. उभ्या रिक्षापासून हातभर लांब राहायचं, दार नसलं तरी माणूस उतरतो. ट्रक किंवा बसच्या डाव्या अंगाला घुसायचं नाही, त्याला आपण दिसतच नसतो. खड्डे बघून चालवायचं, कारण आपली चाकं लहान, माझ्या गाडीचं पुढचं 12 इंची आणि मागचं तर 10 इंची, मोटारसायकल ज्या खड्ड्यातून सहज जाते तिथे आपल्याला चांगलाच दणका बसतो. टायरची हवा दर आठवड्याला बघते मी, पुढे 22, मागे 29, मागे कोणी मोठं माणूस बसणार असेल तर 36.

ओढणी. हे वेगळं लिहिते कारण यात बायकांचे जीव जातात. ओढणी नेहमी पुढून मागे घेऊन पाठीवर गाठ आणि वरून जॅकेट, पदर कमरेला खोचलेला. मागच्या चाकाला निम्म्यापर्यंत जाळी असणं हा केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम आहे, क्रमांक 123, तो आपल्या साड्या ओढण्यांसाठीच केलेला आहे, ती जाळी दिसायला बरी नाही म्हणून काढून टाकू नका.

हेल्मेटवर माझं ठाम मत आहे. नाशिकमध्ये 15 ऑगस्ट 2021 पासून पोलिसांनी हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही अशी मोहीम काढली होती, तेव्हा पंपावर एकमेकांचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत, आणि वाईट वाटलं होतं. केंद्राच्या अहवालात 2022 चा आकडा आहे, देशात रस्ते अपघातात 1,68,491 माणसं गेली, त्यातली जवळजवळ 44.5 टक्के दुचाकीवरची, आणि हेल्मेट घातलेलं नव्हतं अशी 50,029. या आकड्यातला प्रत्येक माणूस कुठेतरी जवळच तर निघाला होता. तर आयएसआय मार्कचं, आपल्या मापाचं घ्या. भुवयांच्या वरून डोक्याला टेप लावून सेंटीमीटर मोजा, माझं 56 आलं. घातल्यावर गाल किंचित दाबले गेले पाहिजेत आणि मान हलवली तर हेल्मेट डोक्यावर फिरता कामा नये. अंबाडा असेल तर बसत नाही, केस मानेपाशी खाली बांधा. आणि पट्टा लावा, पट्टा न लावलेलं हेल्मेट डोक्याच्या आधी उडून जातं.

मुलाचं पण विचारलंय काहीजणींनी. चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर न्यायचं तर त्याला त्याच्या मापाचं हेल्मेट, त्याला आपल्या अंगाशी बांधून ठेवणारा हार्नेस पट्टा आणि वेग जास्तीत जास्त 40, हा नियम 2023 पासून आहे. आपल्याकडे पोराला पुढे फूटबोर्डवर उभं करायची इतकी सवय आहे की मी हार्नेस मागवला तेव्हा घरात सगळे म्हणाले याची काय गरज. पण अचानक ब्रेक लागला तर पुढे उभं असलेलं पोर थेट हँडलवर आपटतं, आणि उभ्या उभ्या ते कधी रेस पिळेल सांगता येत नाही. मी त्याला अजून नेत नाही. आधी भाचीला मागे बसवून भरलेल्या गाडीची सवय करतेय, कारण मागे वजन आलं की गाडी थांबायला जास्त अंतर घेते आणि वळताना वेगळीच वागते.

पक्क्याची टेस्ट पेठरोडच्या आरटीओला झाली. आठ काढायला लावला, पाय टेकू न देता, मग हाताचे इशारे आणि चारदोन चिन्हं विचारली. मैदानावर इतक्यांदा आठ काढलेला की तिथे काही वाटलंच नाही, माझ्या आधीचा एक कॉलेजचा मुलगा, रोज गाडी उडवणारा, हळू चालवता न आल्यामुळे पाय टेकून बसला बिचारा. जोरात सगळ्यांनाच येते.

आता क्लास निवडताना काय बघायचं ते सांगते आणि थांबते. पहिल्या दिवशी ब्रेक शिकवतात का की लगेच रस्त्यावर काढतात, हे विचारा. क्लासची गाडी असते का, की तुमच्या कोऱ्या गाडीवरच शिकायचं, हे पण विचारा, कारण क्लासच्या जुन्या गाडीवर शिकलं की ओरखड्याची धास्ती राहत नाही. मैदान हवंच, गल्लीत शिकवणारे नको. हेल्मेटशिवाय शिकवत असतील तर तिथूनच परत या. आणि घरच्यांनी "दोन दिवसात येईल की, क्लासला कशाला पैसे" म्हटलं तर गाडीच्या किमतीशेजारी क्लासची फी लिहून दाखवा, आमच्या घरी तेवढ्यावर विषय संपला. मॅडमचा नंबर असा इथे टाकत नाही, नाशिकमधल्या कोणाला हवा असेल तर मला मेसेज करा, त्यांना विचारून देते. पुढची बॅच संक्रांतीनंतर आहे म्हणाल्या.